आधी तुमचं रनिंग सांगा, मग इंजिनचं बोलू

गेल्या अंकात आपण वाचकांना गाडी घेण्याबद्दलचे प्रश्न पाठवायला सांगितलं होतं आणि एवढी पत्रं, मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा प्रश्न एकच, अमुक कंपनीची घेऊ का तमुक कंपनीची. पण पन्नासातल्या चाळीस जणांनी आपली गाडी रोज किती किलोमीटर चालणार ते लिहिलेलंच नाही, आणि माझ्या मते सगळं तिथूनच सुरू होतं. मी इंदूरजवळच्या पीथमपुरात इंजिन टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, तेव्हा एवढं नक्की सांगतो की वाईट इंजिन फार कमी असतात, चुकीच्या माणसाकडे गेलेली चांगली इंजिनंच जास्त असतात. ज्यांनी रनिंग लिहिलं त्यांची पत्रं आधी घेतलीत. हिशोबासाठी सगळीकडे पेट्रोल १०७ रुपये, डिझेल ९२ रुपये आणि सीएनजी ९५ रुपये किलो धरलंय, तुम्ही वाचाल तेव्हाचे भाव टाकून परत गुणाकार करून बघा.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, मी आणि सौ. दोघंच, मी मागच्या वर्षी रिटायर झालो. मुलगा पुण्याला. वर्षातून दोनदा गाडीनी पुण्याला जायचं म्हणतोय, महिन्यातून एकदा उज्जैन, बाकी भाजी, बँक, देऊळ, रामबागेत बहिणीकडे. पुण्याचा भाचा म्हणतो मामा डोळे मिटून डिझेल घ्या, हायवेला राजा आहे, शोरूमवाला पण तेच म्हणतोय. त्याच व्हेरियंटला पेट्रोल आणि डिझेलमध्ये १ लाख ४० हजारांचा फरक सांगितला. काय करू?

उत्तर : भाऊसाहेब, भाचा स्वतःच्या गाडीबद्दल बरोबरच बोलतोय, तो आठवड्याला पुणे-मुंबई करत असेल तर डिझेल त्याच्यासाठीच बनलंय. पण तुमचं रनिंग मांडू. पुण्याचे दोन चक्कर म्हणजे २४०० किलोमीटर, उज्जैनचे बारा चक्कर म्हणजे साधारण १३००, आणि शहरात रोजचे १५ धरले तर ४५००. झाले वर्षाचे ८२००. पेट्रोल गाडी १४ चं अॅव्हरेज देईल तर ६२-६३ हजारांचं पेट्रोल, डिझेल १८ देईल तर ४२ हजारांचं डिझेल. म्हणजे वर्षाला वीस-एकवीस हजार वाचले. १ लाख ४० हजार वसूल व्हायला जवळपास सात वर्षं, आणि ह्यात डिझेलची सर्व्हिसिंग महाग पडते, इन्शुरन्सचा हप्ता गाडीच्या किमतीबरोबर वाढतो, हे धरलंच नाहीये.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे आणि ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबवून सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, लागू झालं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. इंजिनमधून निघणारी काजळी तो धरून ठेवतो. आता काजळी साठत गेली तर फिल्टर चोंदणार, म्हणून गाडी ती अधूनमधून आपली आपण जाळते, त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरचं तापमान साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत चढवते. ह्याला पंधरा-वीस मिनिटं सलग, साठच्या वरच्या स्पीडनी गाडी चालायला लागते. आता तुम्ही सांगा, सुदामा नगरहून रामबागेत बहिणीकडे जाताना कुठे सलग वीस मिनिटं साठनी गाडी चालणार? जाळायचं काम सुरू होतं, तेवढ्यात तुम्ही पोचता, चावी काढता. असं आठ-दहा वेळा झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, तरी लक्ष दिलं नाही तर गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते आणि वर्कशॉपमध्ये न्यावीच लागते. शिवाय ते अर्धवट सोडलेलं जास्तीचं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची लेव्हल वाढते आणि ऑइल पातळ होतं, ते इंजिनला अजिबात चांगलं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या थोरल्या ताईनी २०२१ मध्ये डिझेल घेतली, टिळक नगरात घर, शाळेतून नातू आणणे आणि संध्याकाळी देवळात जाणे एवढंच काम. मी तेव्हा गावाला होतो, विचारलं असतं तर घेऊच दिली नसती. पहिल्या दीड वर्षात चार वेळा तो दिवा लागला, दर वेळेला वर्कशॉपवाले म्हणायचे हायवेला एक राउंड मारून आणा, सत्तर वर्षांची बाई दिवा विझवायला देवासच्या रस्त्याला चाललीय आणि परत येतेय, हे मला अजून पण सहन होत नाही. घ्यायच्या आधी तिला एक प्रश्न कोणी विचारला असता, की ताई गाडी रोज किती चालणार, तर हे काहीच झालं नसतं.

तर तुम्ही साधं पेट्रोल घ्या, टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) पण गरज नाही. दोघं जण आणि डिकीत सामान एवढ्या वजनाला १.२ लीटरचं चार मीटरच्या आतल्या गाडीतलं इंजिन पुरतं, आणि पुण्याच्या रस्त्यावर जरा आरामात बसायचं असेल तर १.५ लीटरचं साधं पेट्रोल. मानपूरचा घाट किंवा सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट लागला तर एक गिअर खाली टाकायचा, दोन मिनिटं जास्त लागतील, मुलगा पुण्यात वाटच बघतोय, तो कुठे जात नाहीये. आणि एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय, चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत येते, त्याच्यापेक्षा मोठी ४० टक्क्यांत, म्हणजे १.५ लीटरच्या पेट्रोलला तो फरक लगेच किमतीत दिसेल, तेवढं बघून ठरवा.

प्रश्न : दादा, विजय नगरहून पीथमपूर, रोज जाऊन येऊन ७० किमी, महिन्याचे २५ दिवस. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. सीएनजी घेऊ का इलेक्ट्रिक? घरचे म्हणतात सीएनजी टॅक्सीवाल्यांची गाडी. कॅश फार नाही, छोटीच हॅचबॅक घेणार. पेट्रोलपेक्षा सीएनजी ९५ हजारांनी महाग सांगितली.

उत्तर : घरच्यांना सांग, टॅक्सीवाला गाडीवरच पोट भरतो, म्हणून त्याचा हिशोब सगळ्यात पक्का असतो, तो सीएनजी घेतो तर काही बघूनच घेतो.

वर्षाचे २१ हजार किलोमीटर झाले तुझे. पेट्रोल १८ च्या अॅव्हरेजनी सव्वा लाखाचं, सीएनजी किलोला २६ धरलं तर ७७ हजारांची. वर्षाला ४८ हजार वाचले, दोन वर्षांत ९५ हजार परत. डिझेल धरलं तरी वर्षाला नव्वद हजारांच्या वरच जातं, आणि छोट्या हॅचबॅकमध्ये डिझेल आता मिळतं कुठे, मारुतीनी तर बीएस-६ आल्यावर २०२० सालीच डिझेल पूर्ण बंद केलं.

रोज सत्तर किलोमीटर म्हटलं तर इलेक्ट्रिक खरं म्हणजे तुलाच सगळ्यात फायद्याची, पण भाड्याचं घर आणि तिसरा मजला ह्यानी गणित मोडतं. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर जायचं म्हणजे युनिटचा भाव पण जास्त आणि वेळ पण गेला. सोसायटीनी खाली पार्किंगमध्ये तुझ्या मीटरवरून लाईन ओढू दिली आणि घरमालकानी लिहून दिलं तर मला परत लिही, उत्तर बदलेन.

आता सीएनजीच्या त्रासाचं पण ऐक. एक तर कंपनी फिटेडच घ्यायची, बाहेरून किट बसवून वॉरंटी घालवायची नाही. ताकद कमी होते हे धरून चाल, आताच्या स्विफ्टचंच बघ, पेट्रोलवर ८२ पीएस आणि सीएनजीवर सत्तरच्या आसपास, सपाट रस्त्याला कळत पण नाही पण चार जण, एसी चालू आणि खंडव्याच्या रस्त्याला भेरू घाट असेल तर कळतं, तेव्हा बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची. डिकी जाते. टाटानी २०२३ मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे खाली बसवायला सुरुवात केली, मग ह्युंदाईनी पण केलं, तर घरी सामान घेऊन जाणं-येणं असेल तर तसली बघ. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या प्रेशरनी तपासणी, करायची, त्यात २०० बारचं प्रेशर असतं बाबा, ते सर्टिफिकेट संपलेलं असताना पंपावर गॅस मागू पण नकोस. टाकीत पाच-सात लीटर पेट्रोल कायम ठेव. आणि पंपावरच्या लाईनचा वेळ बघून घे, तुझ्या शिफ्टच्या वेळेला राऊच्या बाजूचा पंप किती भरलेला असतो ते चार दिवस नुसतं जाता-येता बघ, ते कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट इंदूरकर म्हणून सांगावीशी वाटते. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा जो प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, रोजच्या ५५० टन कचऱ्याचा, त्याच्या गॅसवर आपल्या सिटी बसेस चालतात. आपल्या घरचं भाजीचं साल परत रस्त्यावर गाडी चालवतंय, मला ह्याचं फार कौतुक आहे.

प्रश्न : आमच्याकडे वाद चाललाय, तुम्हीच सोडवा. ह्यांच्या वडिलांची मारुती ८०० होती, म्हणून मारुतीशिवाय हे दुसरं ऐकतच नाहीत. माझं म्हणणं टाटा घ्या, स्टार जास्त असतात. दीर म्हणतात ह्युंदाईसारखं इंजिन कोणाचं नाही. बजेट दहा-बारा लाख, शहरात रोज ३० किमी आणि महिन्याला भोपाळ. दोन मुलं आहेत, सात वर्षं आणि तीन वर्षं. (राजेंद्र नगर)

उत्तर : वहिनी, तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, पण तिघंही कंपनीचं नाव बघताय आणि घ्यायचं आहे एक मॉडेल. डिसेंबर १९८३ मध्ये ८०० आली आणि आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदा गाडी आली, सासऱ्यांच्या त्या गाडीबद्दल ह्यांना माया वाटते ते मी समजू शकतो, माझ्या पण घरी होती. पण तेव्हाच्या आणि आताच्या गाडीत नावाशिवाय काही सारखं राहिलं नाही.

स्टारचं घ्या. टाटाची नेक्सॉन २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी आदळून सुरक्षा तपासण्याच्या टेस्टमध्ये, पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी झाली, हे मोठंच काम होतं, त्यानंतर सगळ्याच कंपन्यांना लोक स्टार विचारायला लागले. म्हणून टाटाची प्रत्येक गाडी आपोआप सुरक्षित आणि मारुतीची प्रत्येक कच्ची असं होत नाही. मारुतीच्याच स्विफ्टला २०२२ मध्ये एक स्टार मिळाला होता आणि त्याच मारुतीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच. स्टार मॉडेलला असतात, आडनावाला नसतात. आता ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप पण आहे, जी गाडी मनात आहे तिचं त्यातलं रेटिंग काढा, मोठ्यांचं वेगळं असतं आणि मुलांचं वेगळं असतं, तुमच्या घरात तीन वर्षांचं मूल आहे तर मुलांचंच आधी वाचा. आणि त्या मुलासाठी चाइल्ड सीट घ्या, मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, ह्याच्यावर मी कोणाचं काही ऐकून घेत नाही. पाच स्टारची गाडी पण मांडीवरच्या मुलाला वाचवू शकत नाही.

दिरांना सांगा, इंजिन कोणाचं हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नसतो. पंधरा वर्षांपूर्वी लोक भांडायचे की स्विफ्टचं डिझेल चांगलं का इंडिका व्हिस्टाचं का पुंटोचं, आणि तिन्हींत इंजिन एकच होतं, फियाटचं १.३ मल्टिजेट, फक्त वर कव्हर वेगळं. आज पण तेच. ह्युंदाईची क्रेटा आणि कियाची सेल्टॉस, इंजिनं तीच. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, दोन्ही टोयोटाच्याच बिदडीच्या कारखान्यातून निघतात. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगून तसंच. तर पीथमपुरात इंजिन टेस्टिंगच्या बेंचवर बसवलं की त्याच्यावर कोणाचा बिल्ला लागणार आहे ते आम्हाला कित्येकदा माहीत पण नसायचं, आम्ही फक्त आकडे बघायचो.

मग कंपनीचा फरक कुठे पडतो? सर्व्हिसला. तुमच्या घरापासून वर्कशॉप किती लांब आहे आणि तिथली माणसं कशी आहेत ह्याला. माझी स्वतःची एक गाडी, कंपनीचं नाव घेत नाही कारण दुसऱ्या शहरात तीच कंपनी चांगली पण असेल, एका सेन्सरसाठी २२ दिवस वर्कशॉपमध्ये उभी होती. गाडी चांगलीच होती, चालवायला आजपर्यंत तेवढी चांगली मिळाली नाही, पण पार्ट येतोय येतोय करत बावीस दिवस गेले आणि घरात तेव्हा लग्न होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की बुकिंगच्या आधी एका शनिवारी सकाळी नऊ-साडेनऊला त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन तासभर बसा. पार्ट्सच्या काउंटरजवळ. लोक काय भांडतायत ते ऐका, गाडी घ्यायला आलेल्या ड्रायव्हरांना विचारा, भिया किती दिवसांनी मिळाली आणि काम झालं का. दोन शनिवार, दोन कंपन्या, तुमचा वाद तिथेच मिटेल.

इंजिनचं म्हणाल तर रोजचे ३० आणि भोपाळचे जाऊन येऊन चारशे, वर्षाचे १४ हजारांच्या आसपास. पेट्रोल घ्या किंवा दोन छोट्या गॅस सिलिंडरवाली सीएनजी घ्या. चालवणारे कोण, तुम्ही का ते? तुम्ही दोघंही चालवणार असाल तर पलासियाच्या सिग्नलला क्लच दाबून पाय दुखतो, ऑटोमॅटिक बघा, पण एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दोन प्रकार, दोन्ही चालवून बघा, एएमटी स्वस्त असते आणि गिअर बदलताना मान हलते, काहींना चालतं काहींना अजिबात नाही. टेस्ट ड्राइव्ह एकट्यानी नाही, चौघांनी बसून घ्या.

प्रश्न : घरात सहा माणसं, आई ७८ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास. इनोव्हा क्रिस्टा डिझेल का हायक्रॉस हायब्रिड? वर्षाला १५ हजार किमी, अर्धं शहर अर्धं बाहेर. कोल्हापूर-पंढरपूर दरवर्षी असतं. मित्र म्हणतात हायब्रिडनी पैसे वाचतात.

उत्तर : वाचतात, पण तुम्हाला वाटतंय तेवढे नाही. हायक्रॉस हायब्रिड खऱ्या रस्त्यावर १६ देईल असं धरू (कागदावरचं २३.२४ आहे, ते लॅबमध्ये रोलरवर गाडी चालवून मोजलेलं असतं, त्यावर कोणीही घरचा हिशोब करू नये) तर वर्षाला लाखभराचं पेट्रोल. क्रिस्टा १२ धरली तर १ लाख १५ हजारांचं डिझेल. फरक पंधरा हजार. आणि हायब्रिडच्या किमतीत किती लाख जास्त जातायत ते तुम्ही कोटेशनवर बघितलंच असेल. तर इंधनासाठी म्हणून हायब्रिड घेऊ नका.

दुसऱ्या कारणांसाठी मात्र जरूर घ्या. हायब्रिडमध्ये ब्रेक मारताना जी ताकद वाया जाते तिची वीज करून बॅटरीत जाते आणि हळू चालताना तीच वीज गाडी ओढते, म्हणून राजवाड्याच्या गर्दीत इंजिन बराच वेळ बंदच असतं, आवाज नाही, धक्का नाही, प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही. उलट हायवेला सलग शंभरनी चाललात तर हायब्रिडचा फायदा कमी होतो, तिथे डिझेल बरोबरीला येतं. क्रिस्टामध्ये गिअर हातानी टाकायचे, हायक्रॉस ऑटोमॅटिक. क्रिस्टा चासीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बनलेली, खालून मजबूत, खराब रस्त्याला बिनधास्त, पण चढायला उंच. आणि तुमच्या पत्रात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा शब्द आईंच्या गुडघ्यांचा आहे. दोन्ही गाड्या घरी बोलवा, शोरूमवाले आणतात, आईंना स्वतःहून चढू-उतरू द्या, हात न देता, दोनदा. ज्या गाडीत त्या विनासायास बसतील ती घ्या. हायब्रिडच्या बॅटरीची भीती कोणी घालेल, तिला टोयोटा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते.

प्रश्न : ग्वाल्हेरला राहतो. दिल्लीहून आठ वर्षं जुन्या डिझेल गाड्या निम्म्या भावात मिळतायत, मोठी एसयूव्ही. घेऊ का?

उत्तर : भाव का पडलेत ते आधी समजून घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशापासून डिझेलला दहा वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार राहिलीय, म्हणून तिथले लोक आठव्या-नवव्या वर्षी गाडी काढून टाकतात. तो नियम ग्वाल्हेरला नाही, त्यामुळे गाडी चालवायला हरकत नाही. पण कागद. तिथल्या आरटीओची एनओसी विकणाऱ्यानी काढून दिल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का बघायचं, आणि इथे मध्य प्रदेशात नंबर घेताना रोड टॅक्स परत भरायचाय तो किमतीत मिळवून मगच स्वस्त आहे का ठरवायचं, आपल्या आरटीओत आकडा विचारून या. गाडी सकाळी थंड असताना स्टार्ट करून बघा, आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी या म्हणावं. सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीच्या वर्कशॉपमधून नंबर टाकून काढा, मीटर मागे केलेलं असेल तर तिथे कळतं. टर्बो, इंजेक्टर आणि क्लच, ह्या तिघांच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून ठेवता येत असतील तर घ्या, नसतील तर तेवढ्या पैशांत छोटी पेट्रोल घ्या.

प्रश्न : तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल लवकर खराब होतं का? सगळे घाबरवतात.

उत्तर : नाही होत, ऑइल वेळेवर आणि कंपनीनी सांगितलेल्याच ग्रेडचं टाकलं तर. टर्बो त्याच ऑइलवर फिरतो आणि त्याच ऑइलनी थंड होतो. हायवेला जोरात चालवून आल्यावर लगेच चावी काढू नका, अर्धा-एक मिनिट तसंच चालू राहू द्या. तीन सिलिंडरला थोडी थरथर असते, उभ्या गाडीत स्टिअरिंगला हात लावून बघा, ती सहन होत असेल तर पुढे काही नाही. अॅव्हरेज मात्र तुमच्या उजव्या पायावर आहे, हळू चालवा तर १७, पळवली तर ११.

प्रश्न : माझी गाडी २०१६ ची पेट्रोल. ई-२० पेट्रोलमुळे अॅव्हरेज पडलंय असं वाटतं. खरं आहे का माझा भ्रम?

उत्तर : भ्रम नाही. ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ई-१० म्हणजे १० टक्के), आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त लागतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धर्तीच्या चारचाकींचं, म्हणजे ज्या साध्या पेट्रोलसाठी बनल्या आणि ई-१० ला जुळवल्या, त्यांचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी पडू शकतं. म्हणजे १५ चं १४. ह्याच्यापेक्षा जास्त पडलं असेल तर एअर फिल्टर, प्लग आणि टायरची हवा बघा, दोष सगळा पेट्रोलवर टाकू नका. फ्युएल लाईनचे रबरी पाइप, सील मेकॅनिकला दर सर्व्हिसिंगला हात लावून बघायला सांगा, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. नवीन घेणाऱ्यांनी एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी घेतली तर ती ई-२० ला चालेल अशीच बनलेली असते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, सुखलियाला स्वतःचं घर, गेटच्या आत पार्किंग. रोज जाऊन-येऊन २५ किमी, बाहेरगावी आम्ही ट्रेननीच जातो. इलेक्ट्रिक घेऊ का? ह्यांना बॅटरीची भीती वाटते.

उत्तर : ताई, एवढं स्वच्छ उत्तर मला बाकी कोणाला देता आलं नाही. घ्या. स्वतःचं घर, स्वतःचं पार्किंग, ठरलेलं छोटं अंतर आणि लांब जायला ट्रेन, इलेक्ट्रिक गाडीला ह्याच्याहून चांगलं घर मिळणार नाही. २५ किलोमीटरला साधारण चार युनिट, जास्तीत जास्त पाच. घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर रात्री लावली की सकाळी तयार, मोठा चार्जर नसला तरी चालेल. जीएसटी पण इलेक्ट्रिकवर पाचच टक्के आहे. बऱ्याच कंपन्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात आणि तुमच्या रनिंगनी आठ वर्षांत साठ-सत्तर हजार पण होणार नाहीत, तर ह्यांना हा आकडा दाखवा. रेंज कंपनी सांगेल त्याच्या दोन तृतीयांश धरा, एसी लावून. छोटी बॅटरीवाली घेतलीत तरी पुरेल, मोठ्या बॅटरीचे लाखभर रुपये उगाच अडकवू नका.

फक्त एक काम बुकिंगच्या आधी करा. आपल्या जुन्या घरांमध्ये अर्थिंग बहुतेक नावापुरतंच असतं, कधी मोजलेलंच नसतं, आणि गाडी चार्जिंगला लावली की ती चार्जिंग घेतच नाही किंवा मध्येच बंद करते, मग लोक गाडीला दोष देतात. चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग मीटर लावून मोजायला सांगा, मीटरपासून पार्किंगपर्यंत जाड वायरची वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी टाकून घ्या, सॉकेट पावसाचं पाणी येणार नाही एवढं वर बसवा, आणि त्यानी सगळं झालं म्हटलं की मग शोरूमला फोन करा.